हरभऱ्याची मर आणि कासवाची अंडी

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात कोकणातील वेळास गावच्या कासव संवर्धनावर लेख प्रसिद्ध झाला होता. समुद्री कासवांच्या अंड्यांना फ्युजेरियम नावाच्या बुरशीची लागण होऊ शकते, असा त्यात एका वाक्यापुरता उल्लेख होता. विदर्भातील शेतकऱ्यांना हे नाव चांगलेच परिचयाचे आहे. त्यामुळे नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली बहुतेक पत्रे त्या एका वाक्याबद्दलच आहेत, आणि समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या वाचकांनी आपल्या शेतातील अनुभवावरून किनाऱ्यावरचा प्रश्न हेरावा, याचा मला मनापासून आनंद वाटला. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्याकडे हरभरा, तूर आणि थोडा संत्र्याचा बगीचा आहे. हरभरा उभ्याने वाळतो तो फ्युजेरियम बुरशीमुळे, असे कृषी सहायकांनी आम्हाला सांगितले होते. कासवाच्या अंड्यांना लागणारी बुरशी हीच का? हीच असेल, तर झाडाचा रोग प्राण्याला कसा होतो?
– एक शेतकरी वाचक, काटोल तालुका

उत्तर : वंश एकच आहे, प्रजाती मात्र वेगळ्या आहेत. फ्युजेरियम या वंशात शेकडो प्रजाती मोडतात. हरभऱ्याची मर, म्हणजे झाड उभ्याने वाळण्याचा रोग, फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या प्रजातीच्या अशा एका प्रकारामुळे येते, जो मुख्यतः हरभऱ्यालाच रोगी करतो. तुरीची मर फ्युजेरियम उडममुळे येते. कासवांच्या अंड्यांवर प्रामुख्याने सापडतात त्या फ्युजेरियम फाल्सिफॉर्मे आणि फ्युजेरियम केराटोप्लास्टिकम या दोन प्रजाती असून, त्या फ्युजेरियम सोलानी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकटच्या प्रजातींच्या गटातील आहेत. त्यामुळे आपल्या हरभऱ्यातील बुरशी कासवाचे अंडे मारणार नाही. मात्र संत्र्याच्या झाडाला जी कोरडी मूळकूज होते, तिच्यात याच सोलानी गटातील बुरशी आढळते, म्हणजे आपल्या हरभऱ्यापेक्षा आपला बगीचा त्या किनाऱ्यावरील बुरशीला नात्याने अधिक जवळचा आहे.

झाडाचा रोग प्राण्याला कसा होतो, हा आपला दुसरा प्रश्न अधिक खोलात जाणारा आहे. मर लागलेले तुरीचे झाड उपटून खोड बुंध्यापासून उभे चिरून पाहावे. सालीखालच्या लाकडात तपकिरी ते काळ्या रेषा वर चढत गेलेल्या दिसतात, आणि बाहेरून बुंध्याकडून वर सरकलेला जांभळट तपकिरी पट्टा दिसतो. बुरशी मुळांवाटे जलवाहिन्यांत शिरते, तेथे वाढते, आणि तिच्या धाग्यांमुळे व झाडाने बचावासाठी सोडलेल्या चिकट द्रव्यांमुळे या वाहिन्या तुंबतात. जमिनीत ओल असूनही झाड वाळते ते यामुळे. असा रोग आणणारी बुरशी एकाच पिकाशी बांधलेली असते, कारण त्या पिकाच्या मुळांचे संरक्षण भेदण्याची साधने तिने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली असतात.

सोलानी गटाचे जगणे निराळे आहे. या गटातील बऱ्याच प्रजाती एरवी मातीतील मेलेल्या पालापाचोळ्यावर आणि कुजणाऱ्या मुळांवर गुजराण करतात, आणि जवळपास एखादी दुर्बल झालेली सजीव ऊती मिळाली, तर तिच्यावर वाढू लागतात. ती ऊती मुळाची आहे, की अंड्याची आहे, की माणसाच्या डोळ्यातील बुबुळाची आहे, याने त्यांना फारसा फरक पडत नाही. येथे शेतकरी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. मळणीच्या वेळी डोळ्यात कुसळ किंवा भुसा जाऊन बुबुळाला जखम झाली आणि डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्यामागे अनेकदा बुरशीचा संसर्ग असतो, आणि आपल्या देशात अशा संसर्गाच्या प्रमुख कारणांत फ्युजेरियमची गणना होते. अशा वेळी स्टेरॉइड असलेले थेंब दुकानातून आणून घालू नयेत, कारण त्यांनी संसर्ग बळावतो. नेत्रतज्ज्ञांकडेच जावे.

समुद्री कासवाच्या अंड्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसून मऊ, चामड्यासारखे दबणारे असते, आणि आतील गर्भ त्या कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून श्वास घेतो. मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते, तो बुजवते आणि समुद्रात परत जाते. आपल्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले जातीची मादी एका वेळी साधारण शंभर अंडी घालते, आणि पुढचे सुमारे पन्नास दिवस ती अंडी ओलसर, उबदार वाळूत एकमेकांना चिकटून पडलेली असतात. बुरशीला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. लागण झालेल्या अंड्याच्या कवचावर प्रथम पिवळसर, निळसर किंवा करडे डाग उमटतात, मग बुरशीचे धागे कवचभर पसरतात, हवेची ये-जा अडते, आणि गर्भ मरतो. मेलेल्या अंड्यावर पोसलेली बुरशी शेजारच्या निरोगी अंड्यांकडे सरकते, त्यामुळे घरट्याच्या एका कोपऱ्यात सुरू झालेली लागण आतल्या आत पसरत जाते.

ही बुरशी केवळ मेलेल्या अंड्यांवर उगवते, की जिवंत अंडी मारते, याविषयी पूर्वी शंका होती. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्द द्वीपसमूहातील बोआविस्ता बेटावर लॉगरहेड कासवे मोठ्या संख्येने अंडी घालतात. तेथील अंड्यांवरून वेगळी केलेली बुरशी निरोगी अंड्यांना लावून पाहिली असता ती अंडी मेली आणि त्यांच्यातून तीच बुरशी पुन्हा मिळाली, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. त्यानंतर २०१४ मध्ये अटलांटिक, प्रशांत आणि हिंदी या तिन्ही महासागरांच्या किनाऱ्यांवरील घरट्यांत या दोन प्रजाती आढळल्याचे समोर आले. भरतीचे पाणी शिरणाऱ्या आणि मातीचा बारीक अंश जास्त असलेल्या, म्हणजे निचरा कमी असलेल्या जागी प्रादुर्भाव अधिक असतो, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. वाफसा, म्हणजे जमिनीत ओल आणि हवा यांचा योग्य मेळ, ज्याला कळतो, त्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय या बुरशीच्या वाढीला मानवणारे तापमान तीस अंशांच्या आसपास आहे, आणि अंडी उबण्यासाठी लागणारे तापमानही जवळजवळ तेवढेच असते. म्हणजे अंडे जगावे म्हणून वाळू जेवढी उबदार हवी, तेवढ्याच उबेत त्याचा शत्रूही जोमाने वाढतो. हरभरा जमीन तापलेली असतानाच लवकर पेरला की मर वाढते, हा आपल्याकडील अनुभव याच स्वभावाचा भाग आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वनस्पतींना रोग आणणारी एखादी बुरशी आणि समुद्री कासव यांची तुलना करणारा तक्ता मुलांकडून करून घेत असताना, एका मुलाने बुरशीला वनस्पतींच्या रकान्यात घातले. ते चूक आहे हे मी सांगितले, पण मग तिचे नाते कोणाशी, हे नीट सांगता आले नाही.
– एक शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तिचे नाते कासवाशी आहे, आणि मुलांना हे अवश्य सांगावे. बुरशी आणि प्राणी हे सजीवांच्या एकाच मोठ्या शाखेचे दोन फाटे असून, वनस्पतींची शाखा त्यांच्यापासून त्याआधीच वेगळी झाली होती, हे रेणूंच्या तुलनेवरून १९९३ च्या सुमारास स्पष्ट होऊ लागले आणि पुढील अभ्यासाने ते पक्के झाले. म्हणजे हरभऱ्याला मारणारी बुरशी हरभऱ्यापेक्षा कासवाला, आणि अर्थातच आपल्याला, नात्याने जवळची आहे.

मुलांना दाखवता येतील अशा खुणाही आहेत. बुरशीला हरितद्रव्य नसते, त्यामुळे तिला प्राण्यांप्रमाणेच तयार अन्नावर जगावे लागते. फरक इतकाच, की कासव अन्न गिळून आत पचवते, तर बुरशी पाचक रस बाहेर सोडून अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. वनस्पती साठवणीसाठी पिष्ट करतात, पण बुरशी आणि प्राणी दोघेही ग्लायकोजेन करतात. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते, तर बुरशीच्या भित्तिकेत कायटिन असते, आणि खेकड्याचे व झुरळाचे कवचही कायटिनचेच बनलेले असते.

नागपूरच्या मुलांसाठी याहून जवळचे उदाहरण संत्र्याचे आहे. बुंध्यातून डिंक गळायला लावणारा डिंक्या रोग फायटोफ्थोरामुळे होतो, आणि बोलताना आपण त्यालाही बुरशीच म्हणतो. वास्तविक फायटोफ्थोरा खरी बुरशी नाही. त्याच्या भित्तिकेत सेल्युलोज असते आणि त्याची शाखा तपकिरी शैवालांच्या बाजूची आहे. याचा अर्थ असा, की एकाच संत्र्याच्या झाडाच्या मुळांवर फ्युजेरियम आणि फायटोफ्थोरा शेजारी शेजारी वाढत असले, तरी त्यांतील फ्युजेरियमला फायटोफ्थोरापेक्षा समुद्रातील कासव अधिक जवळचे आहे. ही केवळ पुस्तकी वर्गवारी आहे, असे कोणी समजू नये. डिंक्यावर चालणारे मेटॅलॅक्झिल हे औषध फ्युजेरियमवर चालत नाही, आणि फ्युजेरियमच्या वर्गातील बुरशींवर चालणारी अनेक औषधे डिंक्यावर निरुपयोगी ठरतात. रोग ओळखल्याशिवाय फवारणी करणाऱ्याचे पैसे येथेच वाया जातात. बुरशी प्राण्यांच्या इतकी जवळची असल्यामुळेच, माणसाच्या पेशींना धक्का न लावता तिला मारील असे औषध शोधणे जीवाणूंवरील औषधे शोधण्यापेक्षा कठीण जाते.

आपल्या तक्त्यात जनुकांचाही रकाना असेल, तर पुढील आकडे उपयोगी पडतील. सोलानी गटातील, वाटाण्याला मूळकूज आणणाऱ्या एका बुरशीचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १७ गुणसूत्रे, डीएनएची सुमारे ५ कोटी ४० लाख अक्षरे आणि जवळपास १५,७०० जनुके आढळली. हिरव्या समुद्री कासवाचा जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची लांबी सुमारे २२० कोटी अक्षरांची असून कासवाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २८ जोड्या असतात. लांबी चाळीसपट असली, तरी जनुकांची संख्या त्या प्रमाणात मुळीच वाढलेली नाही. या बुरशीच्या १७ गुणसूत्रांपैकी काही गुणसूत्रे तिच्या जगण्याला आवश्यकच नाहीत, आणि तरीही वाटाण्याने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेले विष मोडून काढण्याचे जनुक अशाच एका जादा गुणसूत्रावर असते. ऑक्सिस्पोरम प्रजातीत तर असे जादा गुणसूत्र एका बुरशीतून दुसरीत जाऊ शकते आणि निरुपद्रवी बुरशीला रोगकारक बनवू शकते, हे प्रयोगशाळेत दाखवले गेले आहे. कासवाला हा मार्ग खुला नाही. त्याला जे मिळायचे ते आईबापांकडूनच.

प्रश्न : बुरशीही सजीव आणि कासवही सजीव. एकीला मारण्यासाठी आपण औषधे विकत घेतो आणि दुसऱ्याला वाचवण्यासाठी कायदा करतो. हा भेद शास्त्रीय आहे, की कासव डोळ्यांना गोड दिसते म्हणून केलेला आहे?
– पदवीचा एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : दिसण्याचा प्रभाव पडतो हे मान्य करावेच लागेल, कारण बुरशीची दखल घेण्यास जगाने फारच उशीर केला. निसर्ग संवर्धनाचे काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत, म्हणजे कोणती प्रजाती किती संकटात आहे हे नोंदवणाऱ्या यादीत, मूल्यमापन झालेल्या बुरशींची संख्या २०२५ मध्ये कुठे एक हजाराच्या वर गेली. त्यांतील शेकडो प्रजाती संकटात आहेत, आणि त्यांच्या रक्षणाबद्दल बोलणारी माणसे अजूनही थोडी आहेत. बुरशी म्हटली की ती मारायचीच, हा समज मला घातक वाटतो. मेलेले लाकूड आणि पालापाचोळा कुजवून मातीत परत करण्याचे काम बुरशीवाचून होत नाही.

पण आपल्या प्रश्नातील दोन सजीवांमधील भेद रूपावर उभा नाही. तो वेगावर उभा आहे. फ्युजेरियमचे चंद्रकोरीच्या आकाराचे बीजाणू काही दिवसांत असंख्य तयार होतात, पाण्याबरोबर आणि अवजारांना चिकटलेल्या मातीबरोबर पसरतात, आणि परिस्थिती वाईट झाली, तर जाड भिंतीच्या विश्रांत बीजाणूंच्या रूपात ते जमिनीत पडून राहतात. हरभऱ्याच्या मरीचा जंतू हरभरा न पेरताही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरतो, म्हणून एक-दोन हंगामांची फेरपालट त्याला पुरत नाही. मरीला दाद न देणारे वाण संशोधकांनी मोठ्या परिश्रमाने काढले, जाकी ९२१८ आणि विजय यांसारख्या वाणांनी विदर्भातील हरभऱ्याला मोठा आधार दिला, तरी या बुरशीचे आठ उपप्रकार आजवर ओळखले गेले आहेत आणि प्रत्येक वाण प्रत्येक उपप्रकाराला पुरून उरतोच असे नाही. बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची संधी तिला वर्षातून अनेकदा मिळते.

कासवाला ती अनेक वर्षांतून एकदा मिळते. ऑलिव्ह रिडलेला वयात यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि हिरव्या कासवाला अनेकदा पंचवीस वर्षे किंवा त्याहूनही जास्त. हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते, असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. या वर्षी एखाद्या किनाऱ्यावरील निम्मी अंडी कुजली, तर अंडी घालायला येणाऱ्या माद्यांच्या संख्येत ती घट दहा-वीस वर्षांनी दिसेल, आणि तोपर्यंत त्या किनाऱ्यावर सारे ठीक चालले आहे असेच वाटत राहील. त्यातच पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू तापली की माद्यांचे प्रमाण वाढते, आणि फारच तापली की गर्भच मरतो. समुद्र वर सरकून घरट्यांत वारंवार पाणी शिरू लागले, तर बुरशीचे फावते. म्हणजे उष्णतेचा, पाण्याचा आणि बुरशीचा मारा एकाच खड्ड्यातील अंड्यांवर एकदम होतो, आणि हे सगळे ज्या वेगाने घडत आहे, त्या वेगाने कासवाला बदलता येणे मला शक्य दिसत नाही. बुरशी वाईट आणि कासव चांगले, असा हा हिशेब नाही. कासवाची झालेली हानी भरून निघायला एक अख्खी मानवी पिढी जाते, आणि म्हणूनच त्याच्यासाठी कायदा लागतो.

तो कायदा उपयोगी पडतो, याचा पुरावाही आहे. आपल्याकडे समुद्री कासवे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. हिरवे कासव कित्येक दशके लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेले होते. किनाऱ्यांचे रक्षण, अंडी व मांस यांच्या व्यापारावरील बंदी आणि मासेमारीच्या जाळ्यांतील सुधारणा यांमुळे त्याची जागतिक संख्या सावरली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला संकटग्रस्त वर्गातून काढून कमी चिंतेच्या वर्गात घालण्यात आले. हॉक्सबिल जातीचे समुद्री कासव मात्र अजूनही अतिसंकटग्रस्त आहे, आणि आपली ऑलिव्ह रिडले असुरक्षित या वर्गात आहे.

प्रश्न : तुरीला आणि हरभऱ्याला आम्ही ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करतो आणि मर कमी होते. कासवांच्या घरट्यांत ट्रायकोडर्मा का टाकत नाहीत? शिवाय आम्ही मार्चमध्ये वेळासला जाणार आहोत. आमच्या बुटांच्या मातीतून तिकडे बुरशी जाईल का?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे. ती फ्युजेरियमच्या धाग्यांना वेढते आणि त्याचे अन्न बळकावते, म्हणून मुळांभोवती ती उपयोगी पडते. परंतु बियाणे आणि श्वास घेणारा गर्भ यांत फरक आहे. कवचावर कोणत्याही बुरशीचा दाट थर चढणे गर्भाला धोक्याचेच असल्यामुळे, शेतातील उपाय तसाच उचलून घरट्यात वापरणे मी योग्य मानत नाही. घरट्यांसाठी जे उपाय केले जातात ते शेतकऱ्याला ओळखीचे वाटतील असेच आहेत. तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतल्याने मर कमी होते, हा अनुभव आपल्याकडे आहे. त्यात जंतूला त्याचे आवडते मूळ सलग मिळू द्यायचे नाही, हा विचार आहे. हॅचरीत, म्हणजे अंडी हलवून पुरण्यासाठी कुंपण घातलेल्या जागेत, घरट्यांमध्ये अंतर ठेवतात, पिल्ले बाहेर पडल्यावर उरलेली कवचे आणि न उबलेली अंडी उकरून काढतात, आणि दर हंगामाला जागा किंवा वाळू बदलतात, कारण त्याच वाळूत वर्षानुवर्षे अंडी पुरली, तर बुरशीचा साठा वाढत जातो. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने आणि गावकऱ्यांनी वन विभागाच्या सहकार्याने हे संवर्धन उभे केले. अंड्यांना हात लावायला शासनाची परवानगी लागते, त्यामुळे पाहुण्यांनी कोणताही उपाय स्वतः करून पाहू नये.

बुटांविषयी आपण विचारले, हे फार चांगले केले. सोलानी गटातील बुरशी किनाऱ्याच्या वाळूतही आढळते, त्यामुळे नागपूरहून गेलेल्या चिमूटभर मातीने तेथे मोठा अनर्थ होईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तरीही मर लागलेल्या शेतातून निघताना पादत्राणे धुण्याची सवय स्वतःच्या दुसऱ्या शेतासाठीही हिताची आहे, तेव्हा प्रवासाला निघण्यापूर्वी ती धुवावीत, आणि हॅचरीच्या कुंपणाबाहेर उभे राहून, कासवमित्र सांगतील तेवढ्या अंतरावरूनच पिल्ले पाहावीत. पिल्ले बहुधा सकाळी लवकर आणि सायंकाळी समुद्रात सोडली जातात, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला पोहोचणे सोयीचे पडेल.